पत्रक चौथे आणि पत्रक पाचवे

अमेरिकेत ज्याला डॉक्टर व्हावयाचे असते त्याला वैद्यकविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वी एखाद्या सर्वसामान्य महाविद्यालयात बहुधा चार वर्षे काढून पदवी मिळवावी लागते. आणि या चार वर्षांत कोणत्या सत्रात त्याने किती विषय अंगावर घेतले, त्यांत रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान व गणित किती, आणि प्रत्येकात त्याला कोणती श्रेणी मिळाली, याची खतावणी इतक्या काटेकोरपणे ठेवली जाते की, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर सोडून प्रथमच परगावी आलेल्या मुलाचे पहिल्या हिवाळ्यातील अपयशही तीन वर्षांनी प्रवेशसमितीपुढे तपशीलवार रुजू होते. हा रिवाज आज तेथील विद्यार्थ्यांना सृष्टिनियमासारखा अनादी वाटतो. वस्तुतः तो पुरता दीडशे वर्षांचाही नाही. आणि ज्या माणसांनी त्याचा पाया घातला त्यांचा हेतू यापेक्षा बराच निराळा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील बहुतेक वैद्यकविद्यालये ही त्यांतील अध्यापकांच्याच मालकीची असत. प्रत्येक अध्यापक आपल्या व्याख्यानमालेची तिकिटे विकी. विद्यार्थी ती विकत घेई. सुमारे चार महिन्यांचे एक सत्र संपले की पुढील साली तेच सत्र, तीच व्याख्याने, त्याच क्रमाने पुन्हा ऐकी. आणि मध्यंतरी एखाद्या जुन्या वैद्याच्या हाताखाली उमेदवारी केल्याचा दाखला जोडला की पदवीस पात्र होई. प्रवेशाची अट म्हणून जे काही सांगितले जाई ते शुल्क भरण्याच्या ऐपतीपलीकडे क्वचितच जाई. जेथे प्रवेश नाकारणे म्हणजे स्वतःचेच उत्पन्न बुडविणे होते, तेथे उमेदवाराचे पूर्वीचे गुण कोण कशाला विचारणार?

खुद्द हार्वर्डमध्येही स्थिती फारशी निराळी नव्हती. 1869 साली चार्ल्स एलियट नावाचा पस्तिशीतला रसायनज्ञ त्या विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, तेव्हा तेथील वैद्यकशाखेची अंतिम परीक्षा तोंडी होत असे, आणि निम्म्याहून अधिक विषयांत उमेदवार उत्तीर्ण झाला म्हणजे त्याला पदवी देऊन मोकळे करीत. उरलेल्या विषयांतील अज्ञान त्याने पुढे रोग्यांवर निस्तरावे असाच जणू संकेत होता. एलियटने लेखी परीक्षा घेण्याची सूचना मांडली त्या वेळी शस्त्रक्रियेचे ख्यातनाम अध्यापक हेन्री बिगेलो यांनी अशी हरकत घेतली की, या मुलांपैकी निम्म्यांहून अधिकांना धड लिहिता येत नाही, तेव्हा ती लेखी परीक्षा देणार कशी! एलियटने पुढे ही गोष्ट स्वतःच सांगून ठेवली आहे. 1871 मध्ये त्याने तीन वर्षांचा चढत्या क्रमाचा अभ्यासक्रम अमलात आणला, आणि त्याचा तात्कालिक परिणाम असा झाला की विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने घसरली. पण त्याच एलियटने दुसरीही एक गोष्ट केली, जिचा वैद्यकाशी तेव्हा काही संबंध दिसत नव्हता. सर्वांनी तेच ठरीव विषय शिकावेत ही जुनी शिस्त मोडून विद्यार्थ्याला विषयांच्या निवडीची मुभा देण्याचा पुरस्कार त्याने हिरिरीने केला. निवड आली म्हणजे तुलना अवघड होते; एकाने ग्रीक घेतले, दुसऱ्याने भूगर्भशास्त्र, तर दोघांनी सारखेच श्रम केले हे ठरवावे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे तासांचे मोजमाप आले. श्रेणींची प्रथा मात्र त्याहून जुनी. येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझरा स्टाइल्स यांनी 1785 मध्ये आपल्या 58 विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन त्यांना चार प्रतींत विभागल्याची नोंद आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे, आणि आज जगभर परिचित असलेली रोमन अक्षरांची श्रेणी माउंट होलियोक या स्त्रियांच्या महाविद्यालयात 1897 मध्ये आढळते.

हे सारे घडत असताना, म्हणजे जुना अनागोंदी कारभार ओसरू लागला होता आणि नवे दप्तर उभे राहिले नव्हते अशा संधिकालात, एका मराठी स्त्रीने अमेरिकन वैद्यकविद्यालयाकडे अर्ज केला. कल्याणच्या जोशी घराण्यातील अठरा वर्षांच्या आनंदीबाई जून 1883 मध्ये न्यू यॉर्कला उतरल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकविद्यालयास त्यांनी जे पत्र लिहिले त्यात आपली पूर्वतयारी विद्यालयाच्या सर्व अटींना पुरी पडणार नाही हे मोकळेपणी मान्य करून, आपले प्रकरण अपवादात्मक आहे, आप्तेष्टांचा आणि ज्ञातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो आहो, तो निर्धार जमेस धरावा, अशी विनंती केली. विद्यालयाने ती मान्य केली. डीन रेचल बॉडले यांच्या देखरेखीखाली तीन वर्षांचा अभ्यास पुरा करून, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून, 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंनी पदवी घेतली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत आनंदीबाईंचे पुण्यास निधन झाले, ही हकीकत मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. येथे तिचा उल्लेख करण्याचे प्रयोजन एवढेच की, त्या काळी एका पत्रातील आशयावर विश्वास ठेवून दार उघडणे विद्यालयाच्या अधिकारात होते. त्या अधिकाराचा दुरुपयोगही विपुल होत असे, हे मात्र विसरून चालणार नाही. ज्या सैल दारातून आनंदीबाई आत गेल्या, त्याच दारातून अन्यत्र अर्धशिक्षितांच्या झुंडी आत जात होत्या.

त्या दाराला पहिली भक्कम कडी बसविली तीही स्त्रियांनीच. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला वैद्यकविद्यालय काढावयाचे होते, पण ज्या रेल्वे कंपनीच्या समभागांवर त्याची भिस्त होती तिचे उत्पन्न आटले होते. तेव्हा मेरी गॅरेट आणि केरी टॉमस यांनी व त्यांच्या मैत्रिणींनी पाच लाख डॉलरांचा निधी उभारण्याचे मनावर घेतले, आणि 1892 च्या अखेरीस त्यातील तीन लाखांहून अधिक रक्कम एकट्या मेरी गॅरेटने देऊन दोन शर्ती घातल्या: स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा, आणि प्रवेशार्थी, स्त्री असो वा पुरुष, पदवीधर असावा, त्याला फ्रेंच व जर्मन वाचता यावी, आणि रसायन, पदार्थविज्ञान व जीवशास्त्र यांचा त्याने अभ्यास केलेला असावा. मौज अशी की ही दुसरी शर्त विद्यापीठाचे विल्यम वेल्च यांनीच पूर्वी एका आदर्श आराखड्यात लिहून ठेविली होती. कागदावरचा आदर्श कोणी पैसे मोजून अमलात आणावयास सांगेल हे त्यांच्या स्वप्नीही नव्हते. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर त्या वेळी वेल्चना म्हणाले म्हणतात की, आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे आपले नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतले नसते. 1893 मध्ये पहिल्या वर्गात 18 विद्यार्थी दाखल झाले, त्यांत तीन स्त्रिया होत्या.

यापुढचा इतिहास एका निवृत्तिवेतनाच्या योजनेतून निघतो, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीचे मर्म येथेच आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांच्या वार्धक्यातील निर्वाहासाठी एक कोटी डॉलर दिले. त्यातून जी कार्नेगी संस्था निघाली तिचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट, आणि तिच्या विश्वस्तमंडळाच्या अग्रस्थानी आपले पूर्वपरिचित चार्ल्स एलियट. आता निवृत्तिवेतन कोणत्या महाविद्यालयाच्या अध्यापकांना द्यावयाचे हे ठरविण्यासाठी महाविद्यालय कशाला म्हणावे हे ठरविणे भाग पडले. आणि त्यासाठी माध्यमिक शाळेतील अभ्यासाचे एक एकक मुक्रर करण्यात आले: एक विषय, वर्षभर, आठवड्यातून चार-पाच तासिका. अशी 14 एकके पुरी केलेल्या मुलांनाच जे प्रवेश देईल ते महाविद्यालय. पेन्शनीच्या आशेने देशभरच्या संस्थांनी हे माप निमूटपणे पत्करले.

1910 साली याच संस्थेने एकापाठोपाठ दोन पत्रके प्रसिद्ध केली. पत्रक चौथे हे अब्राहम फ्लेक्सनरचे. हा गृहस्थ स्वतः डॉक्टर नव्हता. केंटकीतील लुईव्हिल गावी त्याने एक खासगी शाळा चालविली होती आणि जॉन्स हॉपकिन्सच्या वातावरणात त्याचे शिक्षण झाले होते. अमेरिका व कॅनडातील 155 वैद्यकविद्यालयांना त्याने जातीने भेटी दिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी प्रवेशाच्या अटी कागदावर काय आहेत हे विचारून तो थांबला नाही, तर विद्यार्थ्यांचे दाखले प्रत्यक्ष उघडून त्या अटी पाळल्या जातात की नाही हे त्याने तपासले. बहुतेक ठिकाणी त्या पाळल्या जात नव्हत्या. अमेरिकेत 31 विद्यालये पुरेत, आणि निदान दोन वर्षे महाविद्यालयात विज्ञान शिकलेल्यासच तेथे प्रवेश असावा, असा त्याचा अभिप्राय होता. पत्रक पाचवे हे मॉरिस कुक या यंत्रज्ञाचे. कुक हा कारखान्यातील मजुराच्या प्रत्येक हालचालीस घड्याळ लावणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा शिष्य. त्याने काही विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांची पाहणी करून असे सुचविले की, शिक्षणसंस्थेचा जमाखर्च मांडावयाचा तर एका विद्यार्थ्याचा एक तास हे मूलमान धरावे. पहिल्या पत्रकाचा जगभर गाजावाजा झाला, दुसऱ्याचे नाव आज तज्ज्ञांखेरीज कोणी घेत नाही. परंतु वैद्यकाच्या उमेदवाराचे आयुष्य दोहोंनी मिळून घडविले. आत कोणी यावे ते चौथ्याने सांगितले. त्याने केलेले श्रम कोणत्या मापाने मोजावेत ते पाचव्याने.

फ्लेक्सनरचे काम झपाट्याने फळास आले. अमेरिकन वैद्यकसंघाच्या शिक्षणमंडळाने 1914 पासून एक वर्ष, आणि 1918 पासून दोन वर्षे महाविद्यालयीन शिक्षणाची सक्ती केली. 1904 मध्ये जी 160 विद्यालये होती त्यांची 1920 पर्यंत 85 झाली. त्यात भोंदू दुकाने बुडाली याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. पण त्यांच्यासोबत दिवसा नोकरी करून रात्री वैद्यक शिकणाऱ्या गरिबाची वाटही बंद झाली, कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली, आणि ज्यांनी वैद्यकाचे दार स्त्रियांसाठी प्रथम उघडले होते त्या स्त्री-विद्यालयांपैकी फिलाडेल्फियाचे तेवढे एक तग धरून राहिले.

तरीही 1920 च्या दशकापर्यंत श्रेणींचा अंमल आजच्याइतका कडक नव्हता. किमान अटी पुऱ्या केल्या की बऱ्याच ठिकाणी प्रवेश मिळे, आणि चाळणी लागे ती आत गेल्यावर. काही विद्यालयांत पहिल्याच वर्षी निम्मे विद्यार्थी गळत. हा अपव्यय थांबविण्यासाठी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रेड मॉस यांनी 1928 मध्ये एक अभियोग्यता-परीक्षा तयार केली, आणि लवकरच वैद्यकविद्यालयांच्या संघाने ती स्वीकारली; आजची एमकॅट ही वैद्यकप्रवेशाची परीक्षा तिचीच वंशज. देशभरातील गळती जी पूर्वी शेकडा 20 च्या आसपास होती ती 1946 पर्यंत शेकडा 7 वर आली. म्हणजे चाळणी दाराच्या आतून बाहेर आणली गेली. याच काळात पूर्वेकडील अनेक विद्यालयांनी ज्यू उमेदवारांची संख्या गुपचूप मर्यादित ठेवण्याचा परिपाठ पाडला. मुलाखत, छायाचित्र, वडिलांचे जन्मस्थान, शिफारसपत्रातील शीलाविषयीची वाक्ये या साऱ्यांचा त्या कामी उपयोग होई. या अन्यायाचा विचार केला म्हणजे गुणांविषयी सरसकट तुच्छतेने बोलणाऱ्यांचे मत मला पटत नाही. ब्रुकलिनमधील शिंप्याच्या मुलापाशी आपली योग्यता सिद्ध करावयास गुणपत्रकाखेरीज दुसरे होते काय? आकडा निष्ठुर खरा, परंतु तो आडनाव विचारीत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि अर्जांचा पूर आला. 1949 मध्ये सुमारे 24 हजार उमेदवार सुमारे 7 हजार जागांसाठी उभे होते. मध्यंतरी हा पूर ओसरला, पण 1974 मध्ये 42 हजारांहून अधिक अर्ज आले आणि जागा होत्या सुमारे 15 हजार. फ्लेक्सनरने घातलेली अट ही उंबरठ्यासारखी होती, तो ओलांडला की माणूस आत. आता उंबरठा ओलांडलेले तिघे आणि पाट एकच, असे झाल्यावर त्यांच्यात निवड करण्यासाठी समित्यांनी हाताशी असलेले माप उचलले. ते माप म्हणजे श्रेणींची सरासरी. ज्या सेंद्रिय रसायनाचा अभ्यास वैद्यकाला पायाभूत म्हणून नेमला होता तो विषय मुलांना गाळण्याचे साधन बनला. सहाध्यायी हा प्रतिस्पर्धी झाला. आणि विद्यार्थी आपल्या आवडीचा अवघड विषय टाळून ज्यात पहिली श्रेणी हमखास मिळेल असे विषय शोधू लागले. लुईस टॉमस या चिकित्सक-निबंधकाने 1978 मध्ये या प्रवृत्तीवर तिखट लेख लिहून असे सुचविले की, जो स्वतःस वैद्यकपूर्व विद्यार्थी म्हणवील त्याला विद्यालयांनी खुशाल नापसंत करावे, आणि ग्रीकसारख्या अभिजात विद्येला अभ्यासक्रमात मध्यवर्ती स्थान द्यावे. सूचना अर्थातच कोणी मानली नाही.

त्याच वर्षी या सरासरीचा मुकद्दमा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील विद्यालयात 100 पैकी 16 जागा वंचित समाजांसाठी राखून ठेविल्या होत्या. सर्वसाधारण उमेदवाराची सरासरी 4 पैकी 2.5 हून कमी असेल तर त्याचा अर्ज तेथल्या तेथे नामंजूर होई. 3.46 सरासरीचा ॲलन बाकी दोनदा नाकारला गेला, आणि तो दावा लढून जिंकला. न्यायालयाने राखीव जागांचा ठराविक आकडा रद्द ठरविला, परंतु वंशाचा विचार अनेक घटकांपैकी एक म्हणून करण्यास मुभा ठेवली. ती मुभा 2023 मध्ये काढून घेण्यात आली. निकालपत्रातील युक्तिवाद बाजूला ठेवला तरी एवढे ध्यानात येते की, सरासरीचा दशांश चिन्हापुढील आकडा हा एव्हाना घटनात्मक हक्काचा पुरावा मानला जाऊ लागला होता.

सध्याच्या व्यवहाराची घडी साधारणतः 1970 च्या सुमारास बसली, जेव्हा वैद्यकविद्यालयांच्या संघाने सर्वांसाठी एकच अर्ज व एकच मध्यवर्ती दप्तर सुरू केले. हे दप्तर प्रत्येक महाविद्यालयाच्या श्रेणी आपल्या पद्धतीने पुन्हा मांडते, विज्ञान व गणिताची सरासरी वेगळी काढते, इतर विषयांची वेगळी, आणि शिवाय वर्षवार पहिली, दुसरी, तिसरी अशी विगतवारी देते. अर्ज करावयाचा तो बहुधा तिसरे वर्ष संपताच, उन्हाळ्याच्या आरंभी. त्यामुळे चौथ्या वर्षाचे यश वेळेवर हिशेबात येत नाही, आणि पहिले वर्ष हे नाममात्र चतुर्थांश असूनही प्रत्यक्षात तृतीयांश होऊन बसते. ज्याची पहिल्या वर्षाची सरासरी 2.7 आली आणि पुढील दोन्ही वर्षे ज्याने 3.8 राखली, त्याची एकूण सरासरी 3.43 च्या वर जात नाही. अनुभवी समित्या अशा चढत्या आलेखाकडे सहानुभूतीने पाहतात. परंतु हजारो अर्ज हातावेगळे करताना पहिली कातरी बहुधा एकूण आकड्यावरच चालते, आणि सहानुभूतीची पाळी त्यानंतर येते.

भाराची गोष्ट याहून नाजूक आहे. पूर्णवेळ विद्यार्थी गणला जाण्यास सत्रास 12 तास पुरतात, चार वर्षांत पदवी घ्यावयाची तर सुमारे 15 लागतात. 12 तासांत सर्वत्र पहिली श्रेणी मिळविणाऱ्याविषयी समितीला शंका येते की, वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा बोजा याला पेलेल काय. आणि 18 तास व दोन प्रयोगशाळा एकदम घेऊन घसरलेल्याविषयी ती विचारते की, याला आपल्या शक्तीचा अंदाज का आला नाही. कॅनडातील काही विद्यालये तर पूर्ण भार घेतलेली वर्षेच हिशेबात धरतात. नोकरी करून शिकणाऱ्याची कुचंबणा या दोहोंच्या मध्ये होते, कारण उपाहारगृहात भांडी विसळलेले तास कुकच्या मापात बसत नाहीत. आपल्याकडे बारावीनंतरच्या एका परीक्षेवर सारे भवितव्य टांगलेले असते, याबद्दल आपण हळहळतो ते रास्तच. पण एका दिवसाऐवजी तीन वर्षांचा प्रत्येक आठवडा परीक्षेचा करून टाकणे हे त्यावरचे औषध आहे असे तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही म्हणणार नाहीत.

याविरुद्ध प्रयोग झाले नाहीत असे नाही. ऑन्टारियोतील मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 मध्ये आपले वैद्यकविद्यालय उघडले तेच विज्ञानविषयांची पूर्वअट न घालता. न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय विद्यालयाने 1987 पासून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षीच, एमकॅट आणि सेंद्रिय रसायन यांवाचून, प्रवेश देण्यास आरंभ केला, आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की ही मुले पुढे वैद्यकात इतरांच्या बरोबरीनेच चालली. खुद्द फ्लेक्सनरही 1925 च्या आपल्या ग्रंथात अमेरिकन वैद्यकशिक्षणाच्या ताठर साचेबंदपणावर चरफडला होता.

दप्तर मात्र हलले ते उलट दिशेने. ऑस्टिओपॅथी या वैद्यकाच्या समांतर शाखेच्या विद्यालयांच्या मध्यवर्ती अर्जात एखादा विषय पुन्हा घेतल्यास जुनी श्रेणी पुसून नवीच धरण्याची सवलत होती. बिघडलेल्या पहिल्या वर्षाची दुरुस्ती करण्याची ती एक सरळ वाट होती. 2017 च्या मे महिन्यापासून ती बंद झाली, आणि आता दोन्ही दप्तरांत दोन्ही श्रेणी मोजल्या जातात. कुकच्या मापाने तास मोजण्यास माझी हरकत नाही. पण ज्या फ्लेक्सनरचा दाखला या सर्व व्यवस्थेसाठी दिला जातो, त्याच्या चौथ्या पत्रकाने दोन वर्षांचे भक्कम विज्ञान मागितले होते, निष्कलंक पहिले वर्ष मागितले नव्हते.